रॉकेल आणि खडू

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत,
पायरी बघून उतरत जा.
त्याच दुपारी मी गाडी विल्मारकडे नेली,
म्हणजे शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून नेली,
पायसांडूच्या पार टोकाला, जिथे रस्ता डांबर सोडून देतो
आणि निलगिरीच्या बिया गॅरेजच्या पत्र्यावर टपटपत राहतात.

एकोणतीस सालची फोर्ड.
असल्या गाड्यांना आमच्याकडे काचिला म्हणतात,
थोडं लाडाने, थोडी कीव करून.
नात मिकाएला ती समुद्रापर्यंत नेणार आहे.
मी विचारलं, विल्मार, पोलाद म्हातारं होतं का रे?
नुसतं उभं राहून, हिवाळे मोजून, आतल्या आत?
तो माते पीत होता.
नळीतला शेवटचा घोट खर्र वाजेपर्यंत
काही बोलला नाही.

मग बंपरमागची एक पट्टी काढून
त्याने व्हाइसमध्ये आवळली,
तिच्यात पाइप अडकवला
आणि स्वतःचं सगळं वजन टाकलं, ते काही कमी नाही.
मी डोळे मिटून घेतले. आता काट्कन्.
काट् झालंच नाही.
पट्टी केसातल्या आकड्यासारखी दुमडली होती,
वरचा गंज तेवढा पापड्यांनी खाली पडला.

"पोलादाला वाढदिवस कळत नाहीत, नेलिदा.
गंज कळतो. थंडी कळते,
पण तेवढी थंडी या नदीकाठी पडत नाही.
आणि मार कळतो,
एकाच जागी लाखदा बसलेला बारीक मार."

माझे वडील छाती काढून म्हणत,
मोडेन पण वाकणार नाही.
आणि मोडलेच. आधी बँकेशी, मग युनियनशी,
शेवटी रुबेनशी, स्वतःच्या मुलाशी,
अकरा वर्षं एका टेबलावर जेवून
मीठसुद्धा माझ्याकडून मागायचे.
व्हाइसमधली पट्टी मी बराच वेळ बघत राहिले.

स्टिअरिंगचा आर्म त्याने रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवला.
सकाळी कोरडा पुसला, चिंध्या बदलून बदलून,
आणि शाळेतला साधा खडू त्यावर घासला.
"आता बसा. काही आत शिरलं असेल
तर बाहेर येईल."
आम्ही बसलो. लोखंड पांढरं, खडूसारखं निरागस.
कुत्र्याने दोनदा जागा बदलली.
मग जुन्या वेल्डिंगच्या गाठीशी
केसाएवढी एक रेघ हळूहळू ओली झाली.

"हे काम कुणाचं?"

त्रेसष्टचा ऑगस्ट. नदी रस्त्यावर आलेली.
मागच्या सीटवर आई, दातांत टॉवेल.
लोकरीच्या गोदामापाशी आर्म तुटला,
वडिलांनी तिथलंच मशीन मागून तो जोडला,
लाल रसरशीत सांधा, आणि आईचा आवाज,
आणि ते ओरडले, पाणी! निवव लवकर!
मी नऊ वर्षांची होते.
बादली माझ्या हातात होती.

चर्र झालेलं आठवतं. वाफेत त्यांचा चेहरा दिसेना.
पहाटे रुबेन जन्मला.

विल्मारने ऐकलं, अंगठ्याने कपाळ खाजवलं.
"तापलेल्यावर गार पाणी पडलं की जागा कडक होते.
कडक म्हणजे मजबूत नव्हे.
बाकी गाडी अजून लवचीक आहे. ही बोटभर जागाच तेवढी."
मग जरा थांबून,
"पण बासष्ट वर्षं धरून राहिली की."

दुसरा आर्म तो भंगारातून आणेल, पुढच्या मंगळवारी.
तो म्हणाला, हा टाकून देतो.
मी म्हटलं, नको.
वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला,
भाजीच्या वर, कारण खाली अंडी होती.

बसमध्ये सगळ्यांना रॉकेलचा वास येत होता,
कुणी काही बोललं नाही.
रुबेनचा नंबर मला पाठ आहे.
स्वयंपाकघरात कागद उघडला
तेव्हा ती रेघ आणखी थोडी लांबलेली दिसली,
किंवा खडूच ओला झाला असेल.